मोतुहिनाच्या टाकीला पाणी

मोतुहिना, ६ जून १९८३

माझ्या मेलियामे,

देवाने आजची सकाळ दाखवली, त्याचे आभार. गुडघ्यांवर सोपवलं असतं तर त्यांनी दाखवली नसती.

पत्र नेहमीप्रमाणे सेइनीबाई लिहितायत. पाद्रींची बायको असल्यामुळे त्या माझी वाक्यं जरा धुऊन वाळत घालतात. मला अक्षर येत नसलं तरी हात किती चालतोय ते दिसतं. मी दोन शब्द बोलले आणि ह्यांनी ओळभर लिहिलं, की मी टोकते. आत्ताच टोकलं.

तर तुमच्या सरकारी हायस्कुलात पोरं पुस्तकं मिटून सिमेंट कालवतात म्हणे. मी शाळेच्या वयात डुकरांमागे हिंडले, तर त्याला उनाडपणा म्हणाले. तुम्ही चिखलात हात घातलात तर त्याला प्रकल्प म्हणतात. मी फार लवकर जन्मले गं.

तू विचारलंस, पहिली टाकी कुठल्या बेटावर बांधावी. हे काय विचारणं झालं? आपल्या. वादळात समुद्र आत आला तेव्हापासून आपली विहीर जरा रुसलीय. थोडी खारट लागते. पण सरकारी बोटीवरच्या साहेबांनी घोटभर पिऊन असं तोंड केलं, जसं मी त्यांच्याशी लग्न करायचं म्हटलं. जाताना म्हणाले, गोड्या पाण्याची सोय दिसली नाही तर अख्खं गाव उचलून पांगाईला नेऊ. गाव म्हणजे काय डुकराचं पिल्लू आहे, काखेत मारून न्यायला? मी म्हटलं, आधी माझ्या कोंबड्यांना विचारा. ते हसले. पण हसून झाल्यावरही म्हणणं तेच ठेवलं.

टाकी उभी राहिली तर गाव राहील, नाहीतर नाही. तेव्हा तुझ्या सरांना सांग, बांधायला लागेल तेवढं पाणी मोतुहिनावर आहे. भरपूर आहे.

तुझी आजी,
फुसी

———

पांगाई, १७ जून १९८३

प्रिय आजी,

तुझं पत्र मी फिनाऊ सरांना दाखवलं. 'डुकरांमागे' वाचून ते खुर्चीवरून पडायचे राहिले. मोतुहिना ठरलं! जुलैत आम्ही सगळा वर्ग येतोय.

शाळेच्या अंगणातली आमची टाकी उभी राहिली, आजी. आधी कोंबड्यांच्या जाळीचं पिंप वळलं, मग आतून-बाहेरून हातांनी सिमेंट थापलं. मुलगे मला 'सिमेंटवाली' म्हणायचे. पण टाकी भरली त्या दिवशी तेच तिला कान लावून बसले होते, कुठे ठिबकतंय का बघायला. एक थेंब नाही! हेडमास्तरांनी आमची नावं सभागृहात फळ्यावर लावलीत आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनाला राजधानीहून परीक्षक येणार आहेत.

आता नीट ऐक. टाकी म्हणजे नुसती भिंत नाही. थापून झाल्यावर तिच्यावर गोणपाट गुंडाळायचं आणि रोज पाणी मारायचं, आम्ही थांबा म्हणेपर्यंत. तेही गोडंच. खारं पाणी मारलं तर आतली जाळी गंजते, आणि सुकू दिलं तर तडा जातो. चर्चच्या पत्र्याला पन्हळ लावून पावसाचं पाणी टाकीत घेऊ, पण पाऊस येईपर्यंत टाकीला तुम्हीच पाजायचं आहे.

म्हणून खरं सांग, पाणी आहे ना? तुझं 'थोडं' मला माहीत आहे. आजोबांना 'थोडा' ताप आहे म्हणालीस, त्याच आठवड्यात ते गेले.

तुझी,
मेलियामे

———

मोतुहिना, २६ जुलै १९८३

माझ्या सिमेंटवाले,

तुम्ही पोरं शनिवारी बोटीत बसलात आणि गाव एकदम बहिरं झालं. टाकी देखणी झाली हं. गोणपाट नेसून चर्चशेजारी अशी उभी आहे, जशी उशिरा आलेली पाहुणी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. तू इथेच होतीस, त्यामुळे तुला सगळं दिसलं असं वाटत असेल. पण जे दाखवलं तेवढंच तुला दिसलं, बये. रोज सकाळी तुमच्या अंघोळीला पिंप भरलेलं असायचं, ते कुठून भरत होतं? प्रत्येक घराने आपला माठ आणून त्यात रिकामा केला होता. भुईतल्या चुलीतून डुकरं निघाली, चहाच्या किटल्यांवर किटल्या फिरल्या. शेवटच्या दिवशी तुमच्या त्या उंच पोराने पाय धुतले. दोन्ही पाय! शेजारच्या लोसेलीने ते बघून डोळे मिटून घेतले. पण एक शब्द बोलली नाही, आणि मीही नाही. पाहुण्याला 'पाणी नाही' म्हणायचं तोंड आपल्याकडे देवाने कुणालाच दिलेलं नाही. तुलासुद्धा नाही. तू माझ्या जागी असतीस तर तूही हेच केलं असतंस.

विहीर खारी आहे. थोडी नाही. ढवळून मासे टाकले तर पोहतील. आम्ही शहाळ्यांवर आहोत, आणि वादळाने अर्धे माड नेले, त्यामुळे शहाळी झाडावर कमी आणि भांडणात जास्त. चर्चच्या जुन्या पिंपातलं पाणी घरटी किटलीभर मिळतं. त्यातलं अर्धं टाकीला जातं. गावप्रमुख मोसेसे म्हणतो, "आपल्यापेक्षा ही म्हातारी जास्त पिते." मी म्हटलं, माझ्याकडे बघून बोलू नकोस.

रागावू नकोस. आधी सांगितलं असतं तर टाकी दुसऱ्या बेटावर गेली असती.

तुझी आजी,
फुसी

———

पांगाई, २९ जुलै १९८३

आजी,

मी रागावले आहे. तू नकोस म्हणालीस म्हणून नाही थांबणार.

मी ते पिंपातलं पाणी अंगावर ओतून घेत होते तेव्हा तू दारात उभी राहून मला हसवत होतीस! 'आणखी घे, मानेवरची वाळू राहिलीय' म्हणालीस! सांगायचं ना! मी मुद्दाम विचारलं होतं, लेखी विचारलं होतं. सरांना मी तुझ्या शब्दावर शब्द दिला. ते ऐकून म्हणाले, "पाणी नाही हे कळलं असतं तर मी वर्ग तिकडे नेलाच नसता." म्हणजे तुझं बरोबर निघालं, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय.

आता काय करायचं? टाकी सुकली तर फुटेल, आणि तुम्ही तिला पाजलं तर तुम्ही सुकाल. सर म्हणतात, मुलं आजारी पडली तर टाकी सोडून द्या. मीही तेच लिहायला बसले होते, पण लिहिता येत नाहीये. टाकी गेली तर मोतुहिनाही जाईल.

रोज मारा, आजी. कपभर असेल तर कपभर, पण रोज. आणि तू पी. ही दोन्ही वाक्यं एकाच पत्रात कशी बसतात ते मला विचारू नकोस.

पाउलाकाका हे पत्र त्यांच्या होडीने आणतायत. दोन डबे पाणी पाठवलंय. इथेही नळाला ठरावीक वेळच पाणी येतं.

मेलियामे

———

मोतुहिना, २ ऑगस्ट १९८३

मेलियामे,

आज मस्करी नाही. टाकीला तडा गेला.

काल सोमवारी सकाळी लोसेली पाणी घेऊन गेली तर गोणपाट भाकरीसारखं कडक झालेलं. त्याखाली टाकीच्या काठापासून पोटापर्यंत बारीक रेघ होती, केसाएवढी. सगळं गाव आलं, ज्याने त्याने बोट फिरवून पाहिलं. कुणी मोठ्याने बोलेना, जसं घरात कुणी गेलंय.

तू रोज लिहिलंस. आम्ही रोजच केलं. सोमवार ते शनिवार एक वार चुकवला नाही. रविवारी कोण पाणी भरेल? रविवारी आपण दोर ओढत नाही, कपडा वाळत घालत नाही, होडी पाण्यात लोटत नाही. जेवणसुद्धा शनिवारी पुरून ठेवलेल्या चुलीतून निघतं. आम्ही शनिवारी गोणपाट चिंब केलं आणि चर्चला गेलो. पहिला रविवार ढगाळ होता, निभावलं. परवा दिवसभर ऊन आणि कोरडा वारा. तीन प्रार्थना झाल्या. तिन्ही वेळा सगळं गाव तिच्या शेजारून गेलं, चर्चला जायच्या चटया कमरेला बांधून, पुस्तकं छातीशी धरून. एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

लोसेलीचं तान्हं जुलाबांनी मलूल झालंय. मोसेसेने सरकारी माणसाला शब्द दिला की गाव निघेल. कावाच्या मुळीची वाटी पिऊन दिला. म्हणजे तो शब्द आता परत घेता येत नाही हे तुला सांगायला नको. बोट कधी येईल ते ते कळवतील.

सर हुशार आहेत ना तुझे? त्यांना विचार, केसाएवढा तडा बुजतो का. लवकर विचार. पुढचा रविवार येतोय.

फुसी

———

पांगाई, ५ ऑगस्ट १९८३

आजी,

चूक माझी आहे. मी 'रोज' लिहिलं आणि माझ्याही मनात रविवार आला नाही. तुम्हाला काय वाटेल याचा विचारच केला नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

मग मी सरांना विचारलं, शाळेची टाकी का फुटली नाही? रविवारी तिलाही कुणी पाणी मारत नव्हतं. सर बराच वेळ हातातली थापी पुसत बसले. स्वच्छ होती ती. मग म्हणाले, "फाटकाचं कुलूप बघायला मी रविवारी शाळेत जायचो." मी म्हटलं, कुलूप बघायला बादली लागते? ते म्हणाले, "लागते."

आजी, ते चर्चच्या गायकांचे प्रमुख आहेत! सगळ्या वर्गाला त्यांनी वाळू किती, सिमेंट किती, हात कसा फिरवायचा ते शिकवलं, आणि हे एक शिकवलं नाही. शिकवता आलं नाही. आमची नावं फळ्यावर लागली ती त्या बादलीमुळे.

ते म्हणतात: तडा खरवडून रुंद करा, ओला करा, सिमेंटची खीर घट्ट दाबून भरा. मग गोणपाट. मग पाणी, आणि वार बघायचा नाही. हे त्यांनी माझ्याकडे न बघता भिंतीला सांगितलं. सेइनीबाई, हे तुम्हीच वाचून दाखवणार आहात हे मला माहीत आहे. माफ करा. पण वाचा.

सिमेंटची पिशवी पाठवलीय. आणि पाउलाकाकाच्या होडीत पिंपं आहेत ती शाळेच्या टाकीतल्या पाण्याची. आम्ही वर्गाने मिळून ती रिकामी केली. कुणाला विचारलं नाही. आता परीक्षक आले तर त्यांना काय दाखवायचं ते देव जाणे. बाळाला आधी पाजा. उरेल ते टाकीला.

मेलियामे

———

मोतुहिना, १५ ऑगस्ट १९८३

माझ्या चोरटे,

तुमची पिंपं आली. पाउलाने ती वाळूवर उतरवली तेव्हा मोसेसेसुद्धा गडगडत ढकलायला धावला, आणि त्याची पाठ गेली वीस वर्षं दुखतेय. बाळ पाणी पिऊन रडलं. इतकं छान रडलं की आम्ही सगळ्या ऐकत बसलो.

तडा मीच भरला. ह्या हातांनी आयुष्यभर केतकीच्या चटया विणल्या, सिमेंट काय जड आहे त्यांना? वरून बाकीच्या सूचना करत होत्या. अक्षर न येणारीला सूचना फार मिळतात.

आता रविवारचं. तुझं पत्र सेइनीबाईंनी वाचायला घेतलं आणि 'वार बघायचा नाही' वर येऊन थांबल्या. मी म्हटलं, पुढे? त्या म्हणाल्या, "पुढे काही नाही, फुसी." मी म्हटलं, तुझे डोळे अजून चालतायत, म्हणजे आहे. मग वाचलं बिचारीने.

मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मग मला त्यांचं म्हणणं मोडावं लागलं असतं. रविवारी दुसरी प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी मागच्या दाराने निघाले, बादली घेतली, गोणपाट भिजवलं. चर्चची खिडकी उघडीच होती. पाद्रीबाबा खिडकीकडे तोंड करून उपदेश देत होते. त्यांचा आवाज एकदा अडखळला, मग आणखी चढला. नंतरचं गाणं मात्र कुणी थांबवलं नाही.

काल पुन्हा गेले.

आता चटईघरात मी बसले की बायका आपापल्या पट्ट्या उचलून पलीकडे सरकतात. विणकाम माझ्याभोवती गोल झालंय, मधे मी, जशी थाळीतली मासोळी. पाणी द्यायलाही कुणी येत नाही. "रविवारच्या कामाला आमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी नाही," लोसेली म्हणाली. तिचं चूक नाही. मी माझ्या वाटणीचंच मारते. मला पुरतं. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते.

तुझी आजी,
फुसी

(मी सेइनी. तिने सांगितलं तसंच वर लिहिलं आहे. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते हे खरं नाही. ती दिवसभर ओठांना खोबरं चोळते म्हणजे ते फुटलेले दिसत नाहीत. काल ती बादलीजवळच बसली आणि प्रार्थना संपेपर्यंत उठू शकली नाही. लोक तिच्या बाजूने वाट काढून घरी गेले. मीही त्यांच्यात होते.)

———

पांगाई, १९ ऑगस्ट १९८३

आजी,

पाणी पी. टाकीला मारू नकोस, तू पी. मी सांगतेय. ज्या टाकीसाठी तू मरशील त्या टाकीचं पाणी मी पिणार नाही, ऐकतेस ना? तहान मोजायला म्हाताऱ्यांचं वेगळं माप असतं हे मला शाळेत कुणी शिकवलेलं नाही.

परीक्षक लवकरच आले. महिनाभर आधी, न सांगता. टाकी रिकामी बघून हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. मी सगळं सांगितलं. मोतुहिना, पिंपं, तडा, रविवार. सरांचं नाव मात्र सांगितलं नाही. तर तेच उठले. सभागृहात, सगळ्यांसमोर म्हणाले, "शाळेच्या टाकीला रविवारी पाणी मी मारत होतो. न मारता ती टिकत नाही. मुलांना हे शिकवलं नाही ही माझी चूक." पोरांनी मागे टाळ्या वाजवल्या तर हेडमास्तर ओरडले.

आमची नावं फळ्यावरून काढलीत. सर ह्या रविवारी गायकांत नव्हते. मागच्या बाकावर एकटेच बसले होते. आमचा अर्धा वर्ग उठून त्यांच्या बाकावर गेला. काकूने मला चिमटा काढला, तरी गेले.

पाउलाकाकाचं इंजिन बंद पडलंय. सुटा भाग राजधानीहून येईपर्यंत काही पाठवता येणार नाही. हे पत्र मासेमारांबरोबर देते आहे. म्हणून पुन्हा लिहिते, पाणी पी. पाणी पी. पाणी पी.

मेलियामे

———

मोतुहिना, २४ सप्टेंबर १९८३

माझ्या मेलियामे,

तीनदा लिहिलंस, सेइनीबाईंनी तीनदा वाचलं, मी एकदा प्याले. बाकीचं टाकीला मारलं. रागावू नकोस, आता प्रश्न मिटलाय.

पाऊस आला गं. मागच्या मंगळवारी. गाव बुडेल असा नाही, पण चर्चच्या पत्र्यावर नाचला आणि पन्हळीतून टाकीत उतरला. मी कान लावून बसले. रात्री नाही, भर दुपारी, सगळ्यांदेखत. सकाळी काठी घालून बघितली तर गुडघ्याएवढं पाणी. संध्याकाळी परत घातली, तेवढंच. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. तुझी टाकी एक थेंब गळत नाही.

माणसं गळाली.

बोट आज आलीय. मोसेसे माझ्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, "म्हातारे, पाणी आहे, मला दिसतंय. पण मी शब्द दिलाय." मी म्हटलं, कावा उतरतो रे. तो म्हणाला, "कावा उतरतो, शब्द उतरत नाही." मीच त्याला लहानपणी हे शिकवलं असेल. लोसेलीही बांधाबांध करून बसलीय. बाळासाठी जाते म्हणते. मी तिला टाकीतलं पाणी भरून दिलं. तिने घेतलं. मान खाली घालून घेतलं, पण घेतलं.

मी जात नाही. टाकीला राखण लागते. गुडघ्याएवढं पाणी एका म्हातारीला पावसाळ्यापर्यंत पुरतं, आणि कोंबड्या हिशेबात कधी धरल्याच नाहीत कुणी. तुझ्या सरांना सांग, टाकी उत्तम झालीय, हेडमास्तरांनाही सांग. फळा त्यांचा, टाकी आमची.

एक सांगायचं आहे ते नीट ऐक. पाद्रीबाबांना वरून हुकूम आला, ते आज बोटीत बसतायत, सेइनीबाईही. म्हणजे ह्यापुढे माझ्याकडून पत्र येणार नाही. तुझं आलं तर ते मला वाचून दाखवायला कुणी नाही. म्हणून गप्प राहिले तर मेले असं समजू नकोस. गप्प राहायची मला सवय नाही, त्यामुळे तुला घाबरल्यासारखं होईल, पण घाबरू नकोस. परीक्षा दे. नंतर ये. येताना

(इथे ती थांबली. 'येताना' च्या पुढे काय ते मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. खाली माझं नाव घाल आणि जा, तुझी बोट सुटेल."

मेलियामे, मी सेइनी. मी किनाऱ्यावर उभी राहून लिहिते आहे. माझ्या नवऱ्याने चर्चची पुस्तकं आधी चढवली, मग भांडी, मग स्वतः चढले. ते कठड्याला धरून मला हाक मारतायत. ती माझ्या मागे वाळूत बसली आहे आणि जा जा म्हणून हाताने कोंबड्या हाकलाव्या तसं मला हाकलते आहे.

बोटीवरचा माणूस पत्रासाठी हात पुढे करून उभा आहे. पत्र मी त्याच्या हातात देते आहे. माझी पेटी खाली वाळूवरच आहे. ती आम्ही दोघी मिळून घरी नेऊ.)